अंगठ्याएवढी खोली

एका बिस्किटावर अख्खी पुस्तिका कशाला, हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात बऱ्याच जणांनी विचारला. वर्गाला येणाऱ्या मुलींनी विचारला, घरच्यांनी विचारला, छपाईचा खर्च सांगायला बसलेल्या छापखान्याच्या मालकांनीही विचारला. प्रश्न रास्त आहे. शंभर पदार्थांची पुस्तकं बाजारात स्वस्तात मिळतात, मग एकाच पदार्थाची चाळीस पानं कोण वाचणार?

मी सांगलीत घरच्या घरी बेकिंगचे वर्ग घेते, त्याला आता सतरा वर्षं होतील. सुरुवातीची काही वर्षं पहिल्या दिवशी केक शिकवायचे, कारण सगळ्यांना केकच हवा असायचा. पण पहिलाच केक मधोमध बसला, की तो का बसला हे त्या बाईला नीट सांगता यायचं नाही. ओव्हन कमी तापला असेल, बेकिंग पावडर जुनी असेल, फेटणं जास्त झालं असेल, दार मध्येच उघडलं असेल. बहुतेक वेळा यातल्या दोन-तीन गोष्टी मिळून झालेल्या असायच्या. बाई घरी जायची ती "मला हे जमणारं नाही" असं मनाशी धरूनच. तेव्हापासून मी असा पदार्थ शोधत होते, की ज्यात चूक जिथे झाली तिथेच डोळ्यांना दिसावी. तो मला या बिस्किटात सापडला.

लोणी, साखर आणि मैद्याच्या मऊ गोळ्यातून लहान आवळ्याएवढी गोळी वळायची. ती अंड्याच्या पांढऱ्यात बुडवून अक्रोडाच्या भरडीत घोळवायची. ट्रेवर ठेवून मधोमध अंगठा दाबायचा, भाजायचं, आणि गार झाल्यावर त्या खळग्यात चॉकलेट भरायचं. इंग्रजीत याला थंबप्रिंट कुकी म्हणतात. माझ्या वर्गात 'अंगठ्याचं बिस्किट' हेच नाव रुळलं, आणि मलाही तेच बरं वाटतं. या बिस्किटाची कड चिरली तर गोळी नीट वळली नव्हती, किंवा पीठ फार गार होतं. पसरून त्याची चकती झाली तर लोणी पार मऊ पडलं होतं. दाणे गळून ट्रेवर राहिले तर घोळवल्यावर तळहाताने दाबलं नव्हतं. दाणे काळे आणि आतला भाग कच्चा, तर ओव्हनची वरची कांडी जास्त तापली होती. खळगा भरून वर आला तर भाजताना मध्येच दुसऱ्यांदा दाबायचं राहून गेलं. पहिला ट्रे बाहेर आला, की मी काही बोलायच्या आधी बायकाच बोलायला लागतात. केकने हे मला कधी दिलं नव्हतं.

पण एवढ्याच कारणाने मी लिहायला बसले नसते.

आपल्या स्वयंपाकात हाताची खूण ठेवायची रीत फार जुनी. लग्नघरी रुखवतासाठी गव्हले, मालत्या, बोटवे, नखुल्या करतात. त्यातल्या शेवटच्या दोघांची नावं तर बोट आणि नख यांच्यावरूनच पडली आहेत. करंजीची मुरड, मोदकाच्या कळ्या, पेढ्याच्या मधला दाब, हे सगळं साच्याशिवाय झालेलं काम. या सगळ्यांत माझ्यासाठी मोठा अनारसा. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून सावलीत सुकवायचे, दमट असतानाच दळायचे आणि गुळात मळून ठेवायचे. हे सगळं झाल्यावरही अनारसा बनतो तो बोटांखालीच. खसखशीवर गोळी ठेवून ती बोटांनी आणि अंगठ्याने दाबत दाबत पसरायची, आणि तुपात सोडताना खसखशीची बाजू वर ठेवायची. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं.

माझी आजी अनारशाला बसली की शेजारच्या चार घरांतल्या बायका बघायला यायच्या. "डोळ्यानं बघू नको, अंगठ्यानं बघ," ती मला म्हणायची. तिला लिहिता येत नव्हतं. आजोबांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनीसाठी ती महिन्यातून एकदा बँकेत जायची आणि कागदावर अंगठा उठवून यायची. निळी शाई लवकर निघायची नाही, आणि त्या दिवशी ती हात पदराखाली ठेवायची. एका दिवाळीत पेन्शन आणि अनारसे एकाच दिवशी आले. आजीने लिंबाच्या फोडीने अंगठा घासघासून साफ केला, आणि मगच पिठाला हात लावला. तिला त्या अंगठ्याची इतकी लाज का वाटायची, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ज्या अंगठ्याने तिला एका ठिकाणी अडाणी ठरवलं होतं, त्याच अंगठ्याला आमच्या आळीत तोड नव्हती. पुढे कित्येक वर्षांनी दाण्यांत घोळवलेल्या गोळीवर मी पहिल्यांदा अंगठा दाबला, तेव्हा बोटाखाली अक्रोड होते, पण मला खसखस आठवली. ही पुस्तिका त्या क्षणापासूनच मनात होती.

भाजण्याचं म्हणाल, तर आमच्या घरात ओव्हन फार उशिरा आला. त्याआधी बिस्किटं बेकरीतून 'करून' आणायची असत. सुट्टी लागली किंवा दिवाळी जवळ आली, की मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडा किंवा तूप घेऊन, धुऊन पुसलेला पत्र्याचा डबा काखेत मारून भट्टीवर जायचं. तिथला माणूस आपल्यासमोर सगळं लांबलचक टेबलावर एकत्र करायचा, गोळे करून ट्रेमध्ये मांडायचा आणि लांब दांड्याच्या फावड्याने भट्टीत सरकवायचा. आपलं जिन्नस दुसऱ्याच्या जिनसात जाऊ नये म्हणून घरातलं एक पोर डब्यावर बसवून ठेवलेलं असायचं. ते पोर मी असे. त्या नानकटाईची चव अजून जिभेवर आहे, पण ती भाजायची कशी हे मात्र आमच्यापैकी कुणालाच कधी कळलं नाही. आग दुसऱ्याच्या हातात होती. घरात गोल अॅल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला विजेचा ओव्हन आला, आणि नंतर ओटीजी आला, तेव्हा आग पहिल्यांदा आमच्या हाती आली. माझ्या वर्गाला येणाऱ्या कित्येकींच्या घरी ओटीजी असतो, पण त्यात पापड आणि जुनी भांडी ठेवलेली असतात. त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

हे बिस्किट आपलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. युरोपात त्याची भावंडं जागोजागी आहेत. स्वीडनमध्ये ते छोट्या कागदी वाट्यांत भाजतात आणि त्याला 'रास्पबेरीच्या गुहा' अशा अर्थाचं नाव आहे. तिथे पाहुण्यांपुढे कॉफीबरोबर सात तऱ्हेची बिस्किटं मांडायची रीत होती, आणि 'सात प्रकारची बिस्किटं' याच नावाचं १९४५ साली निघालेलं पुस्तक तिथल्या घरांत अजून वापरतात. जर्मनीत त्याला 'देवदूताचे डोळे' म्हणतात. या सगळ्यांत बहुतेक वेळा मुरंबाच असतो. दाण्यांचं जाड आवरण दिलेलं रूप मला ठाऊक आहे ते अमेरिकेतल्या नाताळच्या ताटातलं. पेकान किंवा अक्रोड बारीक चिरायचे, अंड्याच्या पांढऱ्याने चिकटवायचे आणि मधे मुरंबा किंवा चॉकलेट भरायचं. त्याची एक चुलत बहीण तर नावानिशी ठाऊक आहे. १९५७ साली ओहायो राज्यातल्या फ्रीडा स्मिथ या गृहिणीने पिल्सबरी कंपनीच्या पाककला स्पर्धेत शेंगदाण्याच्या लोण्याचं बिस्किट केलं, आणि ते भट्टीतून निघाल्या निघाल्या त्याच्या मधोमध चॉकलेटचं एक बोंड रोवलं. पहिलं बक्षीस तिला मिळालं नाही, पण तिचं बिस्किट आजही अमेरिकेत दर नाताळात घरोघरी होतं. घरी भाजणाऱ्या बाईच्या हातून निघालेली गोष्ट अशी टिकते, तेव्हा मला फार आनंद होतो.

आता मापाबद्दल. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही मापं मराठी घरांत रुजवली. आमच्या पिढीवर त्या पुस्तकाचे फार उपकार आहेत. तरीही या पुस्तिकेत मी वाटी सोडून ग्रॅम धरले आहेत, आणि त्याचं कारण वर्गातच मिळालं. एकदा मी एकच वाटी तिघींना दिली आणि मैदा भरायला सांगितला. एकीने चाळून हलकेच भरला, दुसरीने डब्यात वाटी खुपसून काढली, तिसरीने वर ठोकून दाबून घेतला. काट्यावर ठेवलं तेव्हा पहिल्या आणि तिसऱ्या वाटीत तीस ग्रॅमचा फरक निघाला. भाजीत हा फरक बुडून जातो. बिस्किटात तीस ग्रॅम मैदा म्हणजे एकीकडे तोंडात विरघळणारं बिस्किट आणि दुसरीकडे भाकरीचा कडक पापुद्रा. साधा स्वयंपाकघरातला काटा फार महाग नसतो. तो नसेल, तर हे बिस्किट करायच्या आधी तो घ्या, साचे आणि नक्षीचे पाइप नंतर आणा.

माझं प्रमाण असं. ११५ ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम पिठीसाखर, एका अंड्याचा पिवळा, १४० ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ. दुकानातलं बटर बहुधा खारंच असतं, ते वापरलं तर मीठ घालू नका. याच्या सोळा-सोळा ग्रॅमच्या वीस गोळ्या होतात. बाहेरून लावायला त्याच अंड्याचं पांढरं आणि ८० ते १०० ग्रॅम दाणे. एक अंडं फोडलं आणि दोन्ही भाग कामी आले, काही उरलं नाही, ही या बिस्किटाची गोष्ट मला पहिल्यापासून आवडते. आत घातलेला पिवळा पीठ बांधून ठेवतो, आणि बाहेर लावलेलं पांढरं उष्णतेने आळून दाण्यांना धरून ठेवतं.

वर्गातल्या जवळजवळ निम्म्या घरांत अंडं चालत नाही, आणि त्यांना अर्धंमुर्धं काहीतरी शिकवावं हे मला कधीच पटलं नाही. पिवळ्याऐवजी एक मोठा चमचा दाट साय आणि लागेल तसं चमचाभर दूध घातलं तर पीठ छान बांधलं जातं. बाहेरून लावायला दुधात थोडं कॉर्नफ्लोअर कालवून घ्या. ती पकड पांढऱ्याइतकी घट्ट नसते, म्हणून दाण्यांत घोळवल्यावर गोळी दोन्ही तळहातांत धरून हलकेच दाबायची. एवढं केलं की निमूटपणे बसतात दाणे. अंड्याची आणि बिनअंड्याची बिस्किटं शेजारी शेजारी ठेवली, तर बघून सांगता येत नाही.

लोण्यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण अर्धं बिस्किट तिथेच ठरतं. नानकटाईला आपण तूप घालतो. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. मैद्यातल्या चिवटपणाला जागं व्हायला पाणी लागतं, ते मिळत नाही, म्हणून नानकटाई खुसखुशीत होते आणि वरून भेगाळते. त्या भेगा तिला शोभतात. पण तीच गोळी अंगठ्याने दाबली, तर कड फाटून खळगा उघडा पडतो आणि चॉकलेट बाहेर ओघळतं. बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि बाकी बहुतेक पाणी असतं. तेवढ्या पाण्याने पिठाला जरा लवचिकपणा येतो आणि कड टिकते. घरच्या विरजणाचं लोणी वापरायचं असेल तर जरूर वापरा, चव त्याचीच वरचढ असते. फक्त त्यात पाणी किती आहे याचा भरवसा नसतो. लोणी कढवताना तडतड आवाज येतो ना, तो त्या पाण्याचा. म्हणून ते लोणी आधी गार पाण्यात दोनदा धुऊन, पंच्यात घालून चांगलं पिळून घ्या.

दुसरी गोष्ट हवेची. परदेशी पुस्तकांत 'खोलीच्या तापमानाचं लोणी' असं लिहिलेलं असतं, आणि तिथली खोली वीस अंशांची असते. आमच्या सांगलीत मे महिन्यात स्वयंपाकघरात लोणी ठेवलं तर तासाभरात त्याचा पातळ रस्सा होतो. डिसेंबरच्या पहाटे तेच लोणी दगडासारखं असतं. म्हणून मी तापमान सांगत नाही, बोट लावायला सांगते. बोट टेकवल्यावर खळगा पडावा, पण बोट आत रुतू नये आणि ओलं होऊ नये. उन्हाळ्यात वळलेल्या गोळ्या अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग पाच मिनिटं बाहेर काढून दाबा. लोणी आणि साखर फेटतानाही लोणी या अवस्थेत असलं तरच साखरेचे कण त्यात हवा कोंडून ठेवू शकतात.

दाण्यांत अक्रोड मला सगळ्यांत जवळचा. त्याच्या सालीत जो हलका कडवटपणा असतो, तो काळ्या चॉकलेटशी फार चांगला जमतो. पण कोकणातून माझ्याकडे येणाऱ्या मुली काजू सोडत नाहीत, आणि मीही त्यांना सोडायला सांगत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून निघालेल्या काजूच्या जाती आज कोकणभर लागल्या आहेत. त्या मुलींना ऐकून नवल वाटतं, की हे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं. या बिस्किटाला अख्खा काजू लागतच नाही, त्यामुळे स्वस्तातला तुकडा घेतला तरी चालतो. मात्र काजू लवकर तांबूस होतो, तेव्हा ओव्हन दहा अंश कमी ठेवा. शेंगदाणे हवे असतील तर आधी अर्धवट भाजून, सालं काढून, त्यांची भरड करा. कूट नको. आणि कधी हात सैल सोडायची इच्छा झाली, तर चारोळी घ्या. गडचिरोलीकडच्या जंगलातली चारोळी आपण श्रीखंडावर आणि बासुंदीवर मोजून घालतो. तिला चिरावं लागत नाही, ती जशीच्या तशी गोळीला बिलगते, आणि भाजल्यावर तिचा जो वास सुटतो तो शब्दांत सांगता येण्यासारखा नाही.

दाणे मिक्सरमध्ये टाकू नका. दोन फेऱ्यांत भुगा होतो, तेल सुटतं आणि त्याचा लगदा गोळीला चिखलासारखा बसतो. सुरीने चिरा, किंवा घरात पडून असलेला अडकित्ता काढा. बदाम-पिस्त्याचे काप आपल्या आया त्यानेच करायच्या. तुकडा तांदळाच्या कणीएवढा असावा. त्याहून मोठा असला तर अंगठा दाबताना कडेला भेग पाडतो. दाणे आधी भाजून घेण्याचा मोह मात्र आवरा (शेंगदाणा तेवढा अपवाद), कारण ते बाहेरच असतात आणि ओव्हनमध्ये त्यांना सगळ्यांत आधी आच लागते.

आता अंगठा. ज्यांना उकडीच्या मोदकाची पारी येते, त्यांना हे शिकवावं लागत नाही. अंगठा आत, बाकीची बोटं बाहेरून भिंत धरून. गोळी ट्रेवर ठेवली, की एका हाताची बोटं तिच्याभोवती कुंपणासारखी ठेवायची आणि दुसऱ्या हाताचा अंगठा मैद्यात बुडवून सरळ खाली न्यायचा. घाई नको. तळाशी चार-पाच मिलिमीटर पीठ राहिलं पाहिजे. हा खळगा नुसत्या शोभेचा नाही. गोळीचा मधला भाग सगळ्यांत जाड असतो आणि सगळ्यांत शेवटी भाजतो. तो दाबून पातळ केला, की कड आणि मध्य बरोबरीने तयार होतात. हे मी पहिल्यांदा समजून घेतलं, तेव्हा माझा या बिस्किटाबद्दलचा आदर फार वाढला.

ओव्हन १७० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा. ट्रे मधल्या खाचेत. दहा मिनिटांनी ट्रे बाहेर काढाल तेव्हा खळगे वर आलेले दिसतील. आता अंगठा लावायचा नाही, भाजेल. गोल चमच्याच्या पाठीने त्याच जागी पुन्हा दाबा आणि आणखी चार ते सहा मिनिटं आत ठेवा. तळ फिकट सोनेरी झाला की काढा. गरम असताना बिस्किट मऊ लागतं, म्हणून ते कच्चं राहिलं असं वाटून पुष्कळ जणी परत आत ढकलतात. तसं करू नका. ते ट्रेवरच पाच मिनिटांत घट्ट होतं.

चॉकलेट भाजण्याआधी भरायचं नाही. मुरंबा आधी भरलेला चालतो, चॉकलेट नाही. माझ्याकडून ही चूक एका भिशीच्या आदल्या रात्री झाली. वीसच्या वीस खळग्यांत चॉकलेटचे तुकडे ठेवून मी ट्रे आत सरकवला. बाहेर आलं ते कोरडं, रवाळ, जळकट वासाचं. दुसऱ्या दिवशी बायकांनी कौतुक करून खाल्लं, पण मला रात्रभर झोप नव्हती. का झालं ते कळल्याशिवाय मी पुन्हा करणार नव्हते.

चॉकलेटचं सगळं नशीब त्यातल्या कोको बटरमध्ये असतं. १८२८ साली व्हान हौटेन या डच घराण्याने कोकोतून ही चरबी दाबून वेगळी काढायची युक्ती पेटंट केली, आणि १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने ती चरबी कोको आणि साखरेत परत घालून खायची वडी बनवली. आपण आज जे तोडून खातो, त्याची ती सुरुवात. कोको बटर साधारण चौतीस अंशांना वितळतं. आपल्या शरीराच्या तापमानापेक्षा थोडंसं खाली, म्हणून तर ते जिभेवर पाणी होतं, आणि ओव्हनची आच त्याला फार होते. किराणा दुकानात 'चॉकलेट' म्हणून मिळणाऱ्या कित्येक लाद्यांत मात्र कोको बटरच्या जागी वनस्पती तेलाची चरबी असते. त्याला कंपाउंड म्हणतात. ते उन्हात टिकतं, गोठायला सोपं असतं, पण टाळूला मेणासारखं चिकटून राहतं. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. या बिस्किटात चॉकलेट लागतंच चमचाभर, ते तरी खरं घाला. एप्रिलमध्ये लेकीला नागपूरला डबा पाठवायचा असेल, तर कंपाउंड वापरलंत म्हणून मी काही म्हणणार नाही.

६० ग्रॅम काळं चॉकलेट बारीक चिरून कोरड्या भांड्यात घ्या. आपल्याकडे पाकिटात मिळणारी २५ टक्के स्निग्धांशाची ताजी क्रीम ४० ग्रॅम घेऊन कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, ती त्यावर ओता आणि दोन मिनिटं अजिबात हात लावू नका. मग मधोमधून सुरुवात करून हळूहळू बाहेर ढवळत या. नुसत्या वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याचे गोळे होतात, कारण त्यातली साखर तेवढ्या ओलाव्याने आपसात चिकटते. क्रीममध्ये पाणी पुष्कळ असतं, तरी तिथे असं होत नाही, कारण तिथे ती साखर विरघळून जायला जागा मिळते. थेंब घात करतो आणि चमचा तारतो, हे बायकांना मी प्रत्यक्ष करून दाखवते. मिश्रण फुटून तूप सुटलं, तर चमचाभर कोमट दूध घालून ढवळा, बहुतेक वेळा ते सावरतं. भरायला मेंदीचा कोन बांधतो तसाच बटरपेपरचा कोन बांधा. मेंदी काढणाऱ्या मुलींचे खळगे पहिल्याच दिवशी इतके नेटके भरतात, की बाकीच्या जणी बघत राहतात.

टिकण्याबद्दल एवढंच सांगते, की न भरलेली बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस राहतात आणि भरलेली तीन-चार दिवसांत संपवावीत. पावसाळ्यात कोकणात ती एका रात्रीत सादळतात. सादळलेलं, न भरलेलं बिस्किट दीडशे अंशांवर पाच मिनिटं ठेवलं की पुन्हा खुसखुशीत होतं. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथला ओलावा ते पिऊन घेतं.

पुढच्या पानांत हेच सगळं सावकाश, टप्प्याटप्प्याने, चित्रांसह दिलं आहे. शिवाय कढईत मिठाच्या थरावर भाजायची रीत आहे, कारण ओव्हन नसलेल्या घरातलं पोर डब्यावर बसून राहू नये, असं मला मनापासून वाटतं. नाचणीचं, कोकमाच्या मुरंब्याचं आणि बिनमैद्याचं रूपही आहे. चाळीस पानं झाली ती अशी.

वर्गात एक गोष्ट नेहमी होते. जागा कमी, ओव्हन एक, त्यामुळे सगळ्यांच्या गोळ्या एकाच ट्रेवर मांडाव्या लागतात. शिलाईकाम करणाऱ्या एका ताईंच्या अंगठ्याला सुयांनी घट्टा पडलेला होता. मावशीबरोबर आलेल्या सात वर्षांच्या मुलाचा अंगठा एवढासा, त्याच्या खळग्यात निम्मंच चॉकलेट मावायचं. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी पहिल्या दिवशी इतकं अलगद दाबलं, की खळगा दिसलाच नाही. भाजून ट्रे बाहेर आला, की कुणाचं कुठलं ते कुणालाच आठवत नाही. चमच्याने दाबल्यावर तळ खाली गेलेला असतो, पण काठ राहतो तो पहिल्या अंगठ्याचाच. मग बिस्किटं गार होईपर्यंत सगळे ट्रेभोवती उभे राहतात आणि एकेका खळग्यात अंगठा घालून बघतात. तो बसला, की ते बिस्किट उचलून आपल्या ताटलीत ठेवतात, आणि कोन हातात घेतात.